स्कूबा प्रशिक्षक व्हायचे आहे : डाइव्हमास्टरनंतर थेट परीक्षा, की मध्ये एक हंगाम काम?

सागरगोटा

नमस्कार. हौशी डायव्हिंगवर आणि अंदमानच्या सहलींवर येथे बरेच लिहिले गेले आहे. परंतु स्कूबा शिकवणे हा व्यवसाय म्हणून पत्करू इच्छिणाऱ्याने कोणती वाट धरावी, यावर सलग चर्चा माझ्या वाचनात आली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात नोकरी करते. पॅडी या डायव्हिंग-प्रशिक्षण संस्थेचे ओपन वॉटर (पहिला) आणि ॲडव्हान्स्ड हे दोन्ही अभ्यासक्रम स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, केले आणि रेस्क्यू डाइव्हर गेल्या हंगामात पूर्ण झाला. येत्या हंगामात बिनपगारी रजा घेऊन डाइव्हमास्टर, म्हणजे प्रशिक्षकाच्या आधीची मार्गदर्शक-मदतनीसाची पायरी, करायचे ठरवले आहे. ज्या केंद्राशी बोलणे चालू आहे, त्यांचे म्हणणे असे की डाइव्हमास्टर, त्याला जोडूनच इन्स्ट्रक्टर डेव्हलपमेंट कोर्स (आयडीसी) आणि शेवटी प्रशिक्षकपदाची परीक्षा (आयई) हे सगळे एकाच हंगामात, एकत्रित शुल्कात उरकून घ्यावे.

नियमांच्या दृष्टीने यात काही गैर दिसत नाही. डाइव्हमास्टरचे प्रशिक्षण सुरू करताना ४० नोंदलेल्या डुबक्या लागतात, ते पूर्ण करताना ६०. आयडीसीला बसण्यासाठीही ६० पुरतात आणि आयईच्या वेळी १०० असाव्या लागतात. वय १८ पूर्ण असणे, पहिले प्रमाणपत्र मिळून सहा महिने झालेले असणे, गेल्या १२ महिन्यांतील वैद्यकीय दाखला आणि गेल्या २४ महिन्यांतील प्रथमोपचार व सीपीआरचे (छाती दाबून आणि कृत्रिम श्वास देऊन जीव वाचवण्याचे) प्रशिक्षण, या अटीही मी पूर्ण करू शकेन. तरीही नियमात बसते म्हणून ते करावे का, हा प्रश्न सुटत नाही. ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे. पॅडी की एसएसआय ही दुसरी संस्था, खर्चाचे कोणते भाग आधी सांगितले जात नाहीत, आणि महाराष्ट्रात या पात्रतेचा उपयोग होतो का, हेही जाणून घ्यायचे आहे.

खोलपाणी

मी काही वर्षांपासून अंदमानात शिकवतो, त्यामुळे माझे मत तेथील पाण्यावर आणि तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांवर बेतलेले आहे, हे आधी सांगतो.

शंभर डुबक्यांचा आकडा फसवा आहे. तो किमान मर्यादा म्हणून ठेवलेला असतो आणि एकाच हंगामात सगळे उरकणाऱ्यांच्या शेवटच्या चाळीस-पन्नास डुबक्या बहुधा त्याच बोटीवरून, त्याच दोन-तीन खडकांवर, त्याच ओळखीच्या प्रवाहात झालेल्या असतात. वही भरते, परंतु पाणी गढूळ असताना, प्रवाह उलटा फिरला असताना किंवा सोबतचा माणूस घाबरलेला असताना आपण काय करतो, याचा पत्ता त्या वहीतून लागत नाही. डायव्हिंग चांगले येणे ही प्रशिक्षकाच्या कामातली सर्वांत सोपी बाब आहे, किंबहुना तिच्याकडे लक्ष द्यावेच लागू नये इतकी ती अंगवळणी पडलेली असावी लागते. तुम्हाला एका जागी स्थिर राहण्यासाठी मनाचा एक कोपरा जरी राखून ठेवावा लागत असेल, तरी तेवढे लक्ष विद्यार्थ्यावरून उडालेले असते.

उदाहरण देतो. ओपन वॉटरच्या पहिल्या खुल्या डुबकीत विद्यार्थी सहा मीटर खोलीवर, तळापासून गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगत मास्कमध्ये थोडे पाणी घेऊन ते काढण्याचा सराव करतो. नाकात पाणी गेले की काही जण क्षणार्धात मास्क उपटतात, तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा देणारे साधन) सोडतात आणि श्वास कोंडून वर धाव घेतात. पृष्ठभागाजवळचा हाच पट्टा सर्वांत धोक्याचा असतो, कारण दाबातला सापेक्ष फरक येथेच सर्वाधिक असतो. दहा मीटरवर भरलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट आकारमान मागते. तीस मीटरवरून वीसवर येताना तीच हवा केवळ एकतृतीयांशाने फुगते. अशा वेळी प्रशिक्षकाचा हात विद्यार्थ्याच्या बीसीडीवर (हवा भरून-सोडून तरंगणे सांभाळणाऱ्या जॅकेटवर) आधीच पोहोचलेला असला पाहिजे. ‘आधीच’ या शब्दावर मी जोर देतो, कारण विद्यार्थी वर निघाल्यावर त्याच्या मागे पोहत जाणे बहुधा उशिराचे ठरते. विद्यार्थ्याचे डोळे मोठे होतात, श्वासाचे बुडबुडे तुटक आणि जलद येऊ लागतात, हात पुन्हा पुन्हा मास्ककडे जातो, तो तुमच्या खुणेला उत्तर देतो परंतु नजर तुमच्यावर नसते. ही चिन्हे पुस्तकात एका परिच्छेदात संपतात. प्रत्यक्षात ती ओळखू येण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी वर्गात मदतनीस म्हणून, जबाबदारीचा भार त्याच्या खांद्यावर असताना, पुष्कळ विद्यार्थी पाहावे लागतात.

म्हणून माझा सल्ला असा की, डाइव्हमास्टर झाल्यावर किमान एक हंगाम अशा केंद्रात काम करावे जेथे नियमित अभ्यासक्रम चालतात. केवळ प्रमाणित डायव्हरांना फिरवून आणणाऱ्या केंद्रात मासे दाखवण्याचे कौशल्य वाढते, शिकवण्याचे वाढत नाही. सिलिंडर उचलणे, कॉम्प्रेसरपाशी उभे राहणे, गोड्या पाण्यात सामान धुणे, बोटीवर चढताना आणि उतरताना डोकी मोजणे, या कामांना कमी लेखू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. डुबकी संपली तरी किनाऱ्याला पाय लागेपर्यंत काम संपत नाही.

उधाण

खोलपाणी यांच्याबद्दल आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. मी थायलंडच्या आखातातील को ताओ बेटावर डाइव्हमास्टर आणि आयडीसी लागोपाठ केले. तेथे अनेक केंद्रे दाटीवाटीने आहेत, दररोज नवे वर्ग सुरू होतात आणि डाइव्हमास्टरच्या उमेदवाराला जितके वर्ग पाहायचे असतील तितके पाहता येतात. त्यामुळे ‘एक हंगाम’ हे माप मला पटत नाही. शांत केंद्रात पूर्ण हंगाम घालवूनही एखाद्याच्या वाट्याला मोजकेच वर्ग येतील आणि गजबजलेल्या ठिकाणी दोन-तीन महिन्यांतही भरपूर पाहून होईल. केंद्रात किती दिवस काढले यापेक्षा किती नवशिक्यांच्या शेजारी राहिलात, हे पाहावे.

दुसरे असे की, परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर लगेच एकट्याने वर्ग घ्यायचा असे कोणी बंधन घातलेले नाही. मी आयईनंतर अनुभवी प्रशिक्षकांबरोबर जोडीने शिकवले आणि त्या काळात जे शिकलो ते डाइव्हमास्टर म्हणून शिकलो नसतो, कारण शिकवण्याचा अधिकार हाती आल्यावरच माणूस शिकवण्याच्या बाजूने विचार करू लागतो. मात्र परदेशी जाणाऱ्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी. थायलंडमध्ये परकीय नागरिकाला काम करण्यासाठी परवाना लागतो आणि पर्यटक म्हणून जाऊन पगारी काम करता येत नाही. परीक्षा झाली की तेथेच नोकरी मिळेल, या भरवशावर परतीचे तिकीट रद्द करू नये.

खोलपाणी

उधाण यांचा पहिला मुद्दा मान्य. हंगामाऐवजी विद्यार्थ्यांची संख्या हे माप अधिक योग्य आहे आणि सागरगोटा यांनी केंद्राला नेमके तेच विचारावे : डाइव्हमास्टरच्या काळात मला किती वर्गांत मदतनीस म्हणून उतरता येईल, आणि तेव्हा माझ्याकडे काम असेल की मी बाजूला तरंगत राहीन?

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र अडतो. जोडीने शिकवण्याची सोय तुम्हाला मिळाली, हे चांगले झाले; परंतु ती केंद्राच्या मर्जीवर अवलंबून असते. आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रशिक्षकांची चणचण असते आणि कार्ड हाती पडलेल्या नव्या प्रशिक्षकाला दुसऱ्याच दिवशी चार नवशिके सोपवले जातात. कागदावर तो पात्र असतो, त्यामुळे नाही म्हणायलाही त्याच्याकडे आधार नसतो.

कानसेन

मी कान-नाक-घशाचा वैद्य आहे आणि स्वतः हौशी डायव्हर आहे. वैद्यकीय दाखल्याचा उल्लेख वर एका ओळीत उरकला गेला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पर्यटक म्हणून वर्षातून चार-दोन डुबक्या मारणाऱ्याचे कान आणि प्रशिक्षकाचे कान यांवर पडणारा ताण अगदी निराळा असतो. प्रशिक्षक एका दिवसात अनेकदा उथळ पाण्यात खाली-वर करतो : एक विद्यार्थी नांगराच्या दोरीवर अडकला म्हणून दोन मीटर वर, दुसरा खाली थांबला आहे म्हणून पुन्हा खाली, नियंत्रित चढाईचा सराव प्रत्येकाबरोबर स्वतंत्रपणे. प्रत्येक वेळी मध्यकर्णातील दाब सारखा करावा लागतो. अशा खाली-वर होण्याने शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची शक्यताही वाढते, म्हणून वर्गाची आखणी करतानाच चढाया कमीत कमी कशा होतील, हे पाहावे लागते.

सर्दी असताना नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरण्याची सवय या व्यवसायात फार दिसते. औषधाचा परिणाम पाण्याखाली ओसरला, की उतरताना मोकळा असलेला मार्ग चढताना बंद होतो आणि प्रसरण पावणारी हवा कानात किंवा सायनसमध्ये कोंडते. उतरताना दुखले तर उतरणे थांबवता येते. वर मात्र यावेच लागते. विद्यार्थी सोबत असताना ही वेळ येणे किती वाईट, ते सांगायला नको.

सागरगोटा यांनी खर्च करण्याआधीच संपूर्ण तपासणी करून घ्यावी. कानाच्या पडद्याला छिद्र, वारंवार होणारा सायनसचा त्रास, दमा, फेफरे यांपैकी कशाचाही पूर्वेतिहास असेल तर तो लपवू नये. आपोआप फुफ्फुस कोलमडण्याचा प्रसंग पूर्वी कधी घडला असेल, तर सर्वसाधारणपणे डायव्हिंगच वर्ज्य मानले जाते. प्रश्नावलीत सगळीकडे ‘नाही’ लिहून देणारे उमेदवार मी पाहिले आहेत. पुढे हीच प्रश्नावली त्यांना स्वतःच्या विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावी लागते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

अंदमानातून परतताना विमानाचा नियमही पाळावा. एकाच डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या किंवा दिवसातील अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, अशी शिफारस आहे. अशा बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करणाऱ्या पुनर्दाबकक्षाची सोय सर्वत्र नसते. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आणि अंदमानात धन्वंतरी रुग्णालयात ती आहे. आपल्या केंद्रापासून असा कक्ष किती तासांवर आहे आणि बोटीवर प्राणवायूचा संच आहे की नाही, हे प्रशिक्षकाला तोंडपाठ असले पाहिजे.

निवतीकर

मी मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाठीमागे पर्यटकांना स्कूबा दाखवण्याचे काम आमच्या गावातील पुष्कळ मुले करतात आणि मीही त्यांतलाच एक. समुद्र आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. कोणत्या वाऱ्याला पाणी ढवळते, भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी खडकाजवळ साफ दिसते, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु वर ज्या अभ्यासक्रमांची नावे आली, त्यांतला ओपन वॉटर सोडून माझ्याकडे कोणताही दाखला नाही. ऑक्टोबर ते मे या काळात आम्ही इतक्या वेळा पाण्यात उतरतो की त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि ठेवलेला नाही म्हणून तो धरलाही जात नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. या न नोंदलेल्या डुबक्यांचा काही उपयोग होऊ शकतो का? आणि दुसरा, आमच्यासारख्यांची खरी अडचण इंग्रजी ही आहे. पोहणे, ओढून आणणे, सामान उचलणे यांत आम्ही कोणालाही हार जाणार नाही, पण लेखी परीक्षेचे काय करावे?

खोलपाणी

निवतीकर, तुमच्या प्रश्नामुळे या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा विषय निघाला, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांची नोंद नाही त्या डुबक्या आता आठवून लिहिता येणार नाहीत आणि लिहूही नयेत. मात्र आजपासून वही ठेवा : तारीख, ठिकाण, खोली, वेळ, दृश्यमानता, सोबत कोण होते आणि सोबत्याची किंवा प्रशिक्षकाची सही. शंभराचा आकडा तुमच्या दृष्टीने एका हंगामाचाही नाही. फक्त त्यांत रात्रीची, खोल पाण्यातील आणि दिशादर्शनाची डुबकी असावी लागते आणि खोल पाण्यातील डुबकी किल्ल्यामागच्या उथळ पाण्यात होणार नाही. त्यासाठी निवती रॉक्सकडे किंवा अन्यत्र जावे लागेल. पुढचे टप्पे ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि डाइव्हमास्टर असेच आहेत, त्यांना बगल देता येत नाही. पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था तुमच्या शेजारी तारकर्लीलाच आहे आणि तिच्याकडे प्रशिक्षणासाठी खोल तलाव आहे. पहिली चौकशी तेथे करावी.

आता तुमच्या कामाविषयी. मालवणात पर्यटकाला नेताना मार्गदर्शक त्याच्या सिलिंडरच्या झडपेला किंवा बीसीडीला धरून असतो, त्याची हवा तोच भरतो आणि सोडतो, दिशाही तोच ठरवतो. पर्यटक खाली बघतो, हात हलवतो आणि वर येतो. ज्याने आयुष्यात कधी डुबकी मारलेली नाही, त्याच्या बाबतीत हे धरून ठेवणे योग्यच आहे. पॅडीच्या नियमांतही अशा पहिल्या अनुभवासाठी खोलीची मर्यादा १२ मीटर आहे आणि खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार जण, तेही परिस्थिती अनुकूल असेल तरच. परंतु प्रशिक्षकाला याच्या उलट करावे लागते. विद्यार्थ्याला सोडून, त्याला स्वतःची उंची स्वतः सांभाळू देऊन, त्याची चूक घडू द्यायची आणि ती धोक्यापर्यंत पोहोचण्याआधी हात घालायचा. माझ्या पाहण्यात ज्या उत्तम मार्गदर्शकांना आयडीसी जड गेले, त्यांना इंग्रजीने अडवले नाही, या सवयीने अडवले. विद्यार्थी जरा डगमगला की त्यांचा हात आपोआप त्याच्या झडपेकडे जायचा आणि परीक्षक गुण कापायचा, कारण विद्यार्थ्याने ते कौशल्य स्वतः केलेच नाही.

इंग्रजीबद्दल. सिद्धान्ताचे पाच विषय असतात : भौतिकशास्त्र, शरीरक्रिया, उपकरणे, कौशल्ये व पर्यावरण, आणि डुबकीचे नियोजन. प्रत्येकात स्वतंत्रपणे ७५ टक्के गुण लागतात. प्रश्न पर्यायी स्वरूपाचे असल्याने निबंध लिहायचा नसतो आणि शब्दसंग्रह मर्यादित आहे. तोच तोच सराव केल्यास तो बसतो. नियम आणि कार्यपद्धती यांची वेगळी प्रश्नपत्रिका असते, परंतु ती पुस्तक उघडे ठेवून सोडवायची असते. बोलण्याचा भाग ब्रीफिंग आणि डीब्रीफिंग, म्हणजे डुबकीआधीच्या सूचना आणि नंतरचा आढावा, यांपुरता आहे आणि त्यालाही ठरलेला साचा असतो. पाण्याखाली तर सगळा कारभार हातांचा. तुम्हाला ठाऊकच असेल की पर्यटक आनंदाने अंगठा वर करतात आणि डायव्हिंगमध्ये त्या खुणेचा अर्थ ‘वर चला’ असा होतो.

सागरगोटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कानसेन यांच्या सूचनेनुसार तपासणीची वेळ ठरवली आहे.

परीक्षेत नेमके काय होते, याबद्दल आणखी कोणी लिहील का? आणि भौतिकशास्त्राच्या प्रश्नांची पातळी किती? बारावीनंतर त्या विषयाशी संबंध राहिलेला नाही.

उधाण

भौतिकशास्त्राची भीती बाळगू नये. नेहमीचा प्रश्न असा असतो : समुद्राच्या पाण्यात २० मीटरवर १०० किलो वजनाची वस्तू पडली आहे आणि ती ६० लिटर पाणी विस्थापित करते, ती तटस्थ तरंगती, म्हणजे बुडणारही नाही आणि वरही येणार नाही अशी, करण्यासाठी तिला बांधलेल्या पिशवीत किती हवा भरावी? समुद्राच्या एका लिटर पाण्याचे वजन १.०३ किलो. म्हणजे ६० लिटरचे ६१.८ किलो. १०० मधून ते वजा केले की ३८.२ किलोची तूट राहते आणि तिला १.०३ ने भागले की सुमारे ३७ लिटर येतात. हीच हवा पृष्ठभागावर किती जागा व्यापेल असे विचारले, तर २० मीटरवर दाब तिप्पट असल्याने ३७ ला तीनने गुणावे. एवढीच गंमत आहे.

दुसरा प्रकार हवेच्या खर्चाचा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा वापरणारा माणूस २० मीटरवर ६० लिटर वापरतो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार हवा असेल आणि ५० बार राखून ठेवायची असेल, तर वापरायला १,८०० लिटर उरते, म्हणजे अर्धा तास. यातला प्रत्येक आकडा पुढे विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागतो, म्हणून सूत्र पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्यावे. शरीरक्रियेच्या विषयात मात्र पाठांतर आहेच.

परीक्षा साधारण दोन दिवसांत आटोपते. ज्यांनी तुम्हाला शिकवले ते कोर्स डायरेक्टर ती घेत नाहीत. संस्थेकडून स्वतंत्र परीक्षक येतो. लेखी भागानंतर तलावात किंवा बंदिस्त पाण्यात एक कौशल्य शिकवून दाखवायचे, खुल्या समुद्रात आणखी दोन, २४ मूलभूत कौशल्यांपैकी पाच संथ आणि ठळक हालचालींनी करून दाखवायची आणि शेवटी पृष्ठभागावर बेशुद्ध पडलेल्या डायव्हरला कृत्रिम श्वास देत, त्याचे सामान उतरवत किनाऱ्याकडे किंवा बोटीकडे आणायचे.

लक्षात राहतो तो तलावातला प्रसंग. तुमचे विद्यार्थी म्हणजे तुमच्याच बरोबरचे उमेदवार. परीक्षकाने त्यांतल्या एखाद्याला गुपचूप एक चूक करायला सांगितलेले असते : मास्क साफ करताना नाकाऐवजी तोंडाने श्वास सोडणे, रेग्युलेटर परत घेताना हवा सोडायला विसरणे, असे काही. ती चूक तुम्हाला दिसली पाहिजे, लगेच थांबवून सुधारली पाहिजे, पुन्हा करून घेतली पाहिजे आणि तेवढ्यात बाकीच्यांकडे पाठ फिरता कामा नये. गुण पाचपैकी असतात आणि सरासरी ३.४ लागते. अनेकांना ती चूक दिसतच नाही, कारण ते स्वतःच्या पाटीवरचे मुद्दे वाचत असतात.

खोलपाणी

अगदी बरोबर वर्णन. मी एवढीच भर घालीन की परीक्षेतली चूक ठरवून केलेली आणि एकच असते, त्यामुळे सराव केलेला उमेदवार ती शोधतच बसलेला असतो. खऱ्या वर्गात चूक होईलच असे नाही आणि झाली तर दोन विद्यार्थ्यांची एकाच वेळी होते. सागरगोटा, परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण चांगले असते आणि तुम्हीही व्हाल; माझा आग्रह त्यानंतरच्या पहिल्या वर्गासाठी आहे.

पॅडी की एसएसआय, यावर थोडक्यात. पॅडी १९६६ पासून आहे, एसएसआय १९७० पासून. दोघांचीही प्रमाणपत्रे सर्वत्र मानली जातात आणि आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळणारी आहेत. मुख्य फरक असा की एसएसआयमध्ये प्रशिक्षक एखाद्या संलग्न केंद्राशी जोडलेला असावा लागतो, तर पॅडीचा प्रशिक्षक स्वतंत्रपणेही शिकवू शकतो. एकातून दुसऱ्यात जाण्याची सोय दोन्हीकडे आहे. ज्या केंद्रात काम करायचे आहे तेथे जी संस्था चालते ती घ्यावी. यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही.

उधाण

खर्चाचा प्रश्न राहिला. एकूण आकडा लाखांच्या घरात जातो आणि तो ठिकाणानुसार इतका बदलतो की मी रक्कम लिहीत नाही. पण भाग सांगतो. केंद्र जे शुल्क सांगते ते बहुधा आयडीसीच्या शिकवणीचे असते. अभ्याससाहित्याचा संच, परीक्षेचे शुल्क आणि प्रशिक्षक म्हणून नोंदणीचे शुल्क हे त्याशिवाय असतात आणि त्यांतले काही थेट संस्थेला परकीय चलनात भरावे लागते. प्रथमोपचार शिकवण्याची पात्रता, म्हणजे इमर्जन्सी फर्स्ट रिस्पॉन्स इन्स्ट्रक्टर, ही प्रशिक्षकपदासाठी आवश्यक असते आणि तिचेही शुल्क वेगळे. त्यानंतर दरवर्षी सदस्यत्वाचे नूतनीकरण आणि दायित्व विमा. स्वतःचा रेग्युलेटर, बीसीडी आणि डाइव्ह कॉम्प्युटर तर हवेतच. या सगळ्याची यादी केंद्राकडून लेखी घ्यावी आणि ‘एकत्रित शुल्क’ या शब्दांत यांतले काय धरले आहे, ते प्रत्येक ओळीपुढे लिहून मागावे.

मिळकतीबद्दल : आपल्याकडे मूळ पगार बेताचा आणि विद्यार्थ्यामागे काही रक्कम, अशी पद्धत सर्रास आहे. पश्चिम किनारा पावसाळ्यात बंद, अंदमानातही त्या काळात काम रोडावते. अनेक जण ते महिने मालदीव किंवा इंडोनेशियात काढतात, काही जण मुंबई-पुण्यात जलतरण तलावावर बंदिस्त पाण्याचे वर्ग घेतात. केवळ प्रशिक्षक असण्यापेक्षा कॉम्प्रेसरची देखभाल, बोट चालवण्याचा परवाना किंवा पाण्याखालचे छायाचित्रण यांपैकी काही येत असेल, तर नोकरी टिकते. मराठी, हिंदी आणि गुजराती या तिन्ही भाषांत ब्रीफिंग देऊ शकणाऱ्या प्रशिक्षकाला अंदमानात मागणी असते, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या भाषेत समजावले की तो लवकर शांत होतो.

निवतीकर

खोलपाणी, आपण सवयीबद्दल लिहिले ते मनाला लागले, कारण ते खरे आहे. तारकर्लीला चौकशी करून आलो. पाऊस सुरू होण्याआधी ॲडव्हान्स्ड करून घेतो आणि पावसाळ्यात लेखी विषयांचा सराव करतो. एक शंका : हात मागे ठेवण्याची सवय लावायची तर सराव कसा करावा? समोर खरा पर्यटक असताना प्रयोग करता येणार नाही.

खोलपाणी

पर्यटकावर मुळीच करू नये. दोन मित्रांना घेऊन तलावात किंवा शांत, साफ पाण्यात चार मीटरवर जा. एकाने विद्यार्थी व्हायचे आणि मनाला येईल ती चूक करायची, दुसऱ्याने बाहेरून पाहायचे. तुम्ही विद्यार्थ्याच्या समोर, हाताच्या अंतरावर, किंचित वर तरंगत राहा आणि दोन्ही हात छातीशी धरा. खुणेने सुधारता येते तोवर खूण करा, स्पर्श शेवटी. वर आल्यावर पाहणाऱ्याने सांगावे की कोणता स्पर्श गरजेचा होता आणि कोणता नव्हता. तुम्ही मंडळी पाण्यात इतकी सहज वावरता, की हे जमायला तुम्हाला शहरातून आलेल्या उमेदवारापेक्षा कमी वेळ लागेल.

सागरगोटा

माझ्या निर्णयाबद्दल लिहिते. केंद्राला वर सुचवलेले प्रश्न विचारले. वर्गांत मदतनीस म्हणून उतरण्याबाबत त्यांनी मोघम उत्तर दिले, खर्चाची यादी मात्र ओळीनिहाय पाठवली, आणि परीक्षेचे शुल्क ‘एकत्रित’मध्ये धरलेले नव्हते. आता या हंगामात फक्त डाइव्हमास्टर करणार आहे, तेही ज्या केंद्राने वर्गांचे वेळापत्रक आधी दाखवले तेथे. आयडीसी पुढच्या हंगामात. तेवढ्या काळात डाइव्हमास्टर म्हणून काम मिळाले तर नोकरीची रजा वाढवून घेईन, न मिळाल्यास शनिवार-रविवारी पुण्यातल्या तलावावर कोणा प्रशिक्षकाला मदत करता येते का, ते पाहीन.

शेवटचा प्रश्न : आयडीसीची तारीख आत्ताच नोंदवून ठेवावी का?

खोलपाणी

आयडीसीच्या आधी आयईची तारीख पाहावी. भारतात आयई वर्षातून मोजक्याच वेळा होते आणि केंद्रे आपले आयडीसी तिला लागूनच ठेवतात. तारीख जाहीर झाली की तिथून उलटे मोजा : वैद्यकीय दाखला त्या दिवशी १२ महिन्यांच्या आत असावा, सीपीआरचे प्रशिक्षण २४ महिन्यांच्या आत. तुमचा रेस्क्यूच्या वेळचा सीपीआरचा दाखला पुढच्या हंगामापर्यंत मुदतीबाहेर जात असेल, तर तो डाइव्हमास्टरच्या काळातच नव्याने करून घ्यावा. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी परीक्षा रद्द झाली किंवा पुढे गेली तर पैशांचे काय, हे लेखी विचारावे.